गेटवरचं पद

नांदे गावातल्या आमच्या सोसायटीत राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी एक नाटक बसवायला घेतलं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते, हातात वेळ होता. नाटक शंभरेक वर्षांपूर्वीचं, विनोदी, पदांनी भरलेलं. त्यात एक गर्विष्ठ राजा वेष पालटून नगरात फिरायला जातो आणि परत येतो तेव्हा त्याचाच द्वारपाल त्याला ओळखत नाही. मी राजवाड्याची सोसायटी केली, राजाचा चेअरमन केला, द्वारपालाचा वॉचमन. दासी होत्या, त्यांच्या कामवाल्या बायका झाल्या. लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

राजाचं काम आमच्या सोसायटीच्या खऱ्या चेअरमननीच घेतलं. कंपनीतून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, तरुणपणी गाणं शिकलेले. क्लबहाऊसही त्यांच्यामुळेच तालमीला मिळालं. कोरससाठी मी गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाला बोलावलं. मंडळाच्या प्रमुख बाईंना सगळं गाव काकी म्हणायचं. साठीच्या, सडसडीत, आवाज असा की माईक लागू नये. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, त्यातली बरीचशी त्यांच्या घरची होती. आता त्या आयटीतल्या मुलांना खोल्या भाड्याने देतात.

रोज संध्याकाळी सहाला या आठ बायका गेटवर यायच्या आणि वॉचमन त्यांना वहीत नोंद करायला लावायचा. नाव, कोणाकडे, काम. मी हे पाहत होते. नियमच आहे, म्हणून मला त्यात काही वाटलं नव्हतं.

प्रयोगाला दहा दिवस उरले होते. पहिल्या अंकातलं पद चालू होतं आणि मी काकींना म्हटलं, "गाता गाता झाडू मारायचा. तालावर."

त्यांनी दोन ओळी झाडू मारला. मग तो भिंतीला टेकवून ठेवला.

"बाई, येक विचारू? तुमच्या नाटकात गावची बाई झाडूच मारती व्हय?"

पेटी थांबली. मी काहीतरी बोलले, मूळ नाटकात दासीच आहेत वगैरे. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी उचलली.

"आज गेटवर त्यानं माझ्या नावाम्होरं कामवाली लिवलं. मी म्हनलं, असू दे, त्याला काय ठावं. पर तुमी तर शिकल्या-सवरलेल्या."

आठही बायका निघून गेल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी चहा टाकला. वाटलं होतं, राणीचं काम मागतील. पण त्या म्हणाल्या, "मला गेटवर बसवा. येनाऱ्या-जानाऱ्याला मी विचारते, कोन तुमी, कुनाकडं आलाय."

द्वारपालाचं काम अजून कुणाला दिलं नव्हतं. त्या दिवशीच सगळ्या बायका तालमीला परत आल्या आणि काकी द्वारपालाच्या खुर्चीवर बसल्या. वेष पालटलेले चेअरमन परत येतात, तो प्रवेश. काकींनी वही उघडली.

"कुनाकडं जायचं?"

"माझ्या घरी."

"कुटं हाय घर?"

"हे काय, समोर."

काकींनी समोर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि संहितेत नसलेलं वाक्य बोलल्या, "हितं? हितं तर आमचं भाताचं खाचर हाय. घर कुटं दिसंना मला."

सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत. तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हा टोमणा आहे. आम्ही काय जमिनी लुबाडल्या? लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरं घेतलीत इथे. ते वाक्य काढा, नाहीतर मी उभा राहणार नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आणि ते गेले तर राजाही गेला, क्लबहाऊसही गेलं. मी शब्द दिला. काकींना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे न बघता "बरं" म्हणाल्या. पुढच्या तालमींत त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. पण त्या "बरं"चा मला भरवसा वाटत नव्हता.

प्रयोग रविवारी सकाळी अकराला, क्लबहाऊससमोरच्या हिरवळीवर. पुढे सोसायटीवाले, मागे गाव. मी विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले होते. पहिला अंक रंगला. द्वारपालाचा प्रवेश जवळ आला तसं मी ते पान उघडून धरलं.

"कुटं हाय घर?"

"हे काय, समोर."

काकींनी समोर पाहिलं. डोळ्यांवर हात धरला. आणि थांबल्या.

पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. चेअरमन पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे. काकींची मान हळूच विंगेकडे वळली आणि त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. त्या अडकल्या होत्या की मला विचारत होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या हातातल्या पानावर त्यांचं पुढचं वाक्य होतं, "मग सही करा आणि जा." तेवढंच पुरवायचं होतं.

मी कुजबुजले, "हितं तर आमचं भाताचं खाचर हाय."

त्यांनी ते उचललं. तालमीतल्यापेक्षा हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखं.

कुणी हसलं नाही.  चेअरमनचा चेहरा मेकअपखाली लाल झालेला मला दिसला. क्षणभर वाटलं, हे आता स्टेजवरून उतरणार. तेवढ्यात तबलजीनं ठेका धरला आणि चेअरमन गायला लागले. रागानं असेल, पण त्या दिवशी त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागला. पद संपल्यावर टाळ्या मागून सुरू झाल्या आणि पुढे आल्या.

पडदा पडल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही शब्द दिला होता."

"हो," मी म्हटलं. "मोडला."

काकी मागच्या बाजूला पाणी पीत होत्या.

"बाई, आमचं मालक मधीच उठून गेलं. बघितलं मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जमीनविक्रीच्या कागदावर सही त्यांच्या यजमानांनीच केली होती. चेअरमनला लागेल याचाच आम्ही दोघींनी विचार केला होता.

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. काका पडवीत भिंतीला टेकून बसले होते. काकी उंबऱ्याशी थबकल्या.

काका मला म्हणाले, "बाई, गेटापाशी खाचर न्हवतं. हीर व्हती. खाचर लई मागं, तुमच्या टाकीत पोरं पव्हत्यात ना, तितं."

"चुकलं आमचं," मी म्हटलं.

"हिला ठावं हाय की समदं." ते काकींकडे वळले. "आवाज मातुर पार रस्त्यापातुर येत व्हता तुझा." आणि उठून आत गेले. ते रागावले होते की नाही, हे काकींनाही कळलं नाही. त्या पायरीवर बसल्या आणि पदराने तोंडावरचा रंग पुसायला लागल्या.

जवळच्या उरवडे गावात आम्ही दुसरा प्रयोग केला. चेअरमन आले नाहीत. राजा पेटीवाल्यानं केला, सुरात पण रडका. चेअरमन आणि मी आता लिफ्टमध्ये भेटलो की नमस्कार करतो. मध्यंतरी त्यांच्या बायकोनं मला विचारलं, पुढचं नाटक कधी बसवताय. मी म्हटलं, नवी संहिता काकींकडे वाचायला दिली आहे.