जावयाला दिलेली एरर

किस्से गोळा करावे लागत नाहीत, असं माझं मत झालं आहे. अजून तितकंसं पक्कं नाही. पण बेसिंगस्टोकमधल्या एका मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून दर रविवारी चार तास बसलं, की ते आपोआप साचतात. घरी आल्यावर थर्मास धुतो, खुर्च्यांचे चिखलाचे पाय पुसतो, आणि किस्से मात्र कुठे ठेवायचे ते कळत नाही. म्हणून लिहून टाकतो.

खुर्च्या तीन. एक माझी. दुसरी मंदाताईंची. त्या कॉव्हेंट्रीला एका हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं भूल देत होत्या, आता लेकाजवळ राहायला आल्या आहेत. तिसरी रूबेनभाऊंची. ते भायखळ्याचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. ऐन तारुण्यात लंडनला आले, आणि येताना आणलेलं मराठी त्यांनी घडी न मोडता जपून ठेवलं आहे.

आम्ही जो खेळ बघतो तो बेसबॉल. तो आम्हाला पूर्ण कळतो असं मी म्हणणार नाही. बघतो, कारण गावातल्या क्लबात माझा जावई सलील खेळतो. उरलेल्या दोघांना रविवारी दुसरं काम नसतं.

सलील नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. जानेवारीत त्याची नोकरी गेली. मार्चपर्यंत तो सोफ्यावर बसून खिडकीतून कचऱ्याची गाडी कधी येते ते बघायचा. मग कुणीतरी त्याला ह्या क्लबात नेलं. माझी मुलगी केतकी मला किचनमध्ये हळूच म्हणाली, "बाबा, आठवड्यातून एकदाच हसतो तो. रविवारी."

क्लबचा नियम असा, की पहिल्या पाच मॅचेस सगळ्यांना आलटून पालटून खेळवायचं. मग कोच बॅरी सीझनसाठी बारा नावं वाचणार. उरलेल्यांनी पुढच्या वर्षी बघायचं. त्या बारांत सलीलचं नाव असावं, एवढंच मला हवं होतं.

*

पहिल्याच रविवारी बॅरीने आमच्या खुर्च्यांकडे येऊन विचारलं, "तुमच्यापैकी कुणी स्कोअर लिहील का? आमची स्कोअरर एडिनबराला गेली, नोकरी लागली तिला."

मी जमिनीकडे बघत होतो. रूबेनभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना द्या. ह्यांची पीएचडी आहे मोजण्यात."

माझी पीएचडी स्टॅटिस्टिक्सची आहे, आणि ती मोजण्यात नसून न मोजता अंदाज करण्यात आहे. पण बॅरीसमोर हे कसं सांगायचं? वही घेतली. सोबत दोन पेन्सिली आणि तीन खोडरबर घेऊन बसलो. मंदाताई म्हणाल्या, "पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त? प्रोफेसर, तुमचा संसार कसा झाला हो?"

*

आमच्या गॅरेथचा किस्सा. गॅरेथ म्हणजे टीमचा मुख्य पिचर, आपल्या भाषेत बोलर. एरवी प्लंबर. पहिल्या मॅचमध्ये त्याने अकरा रन्स दिल्या.

मंदाताईंनी थर्मासचं झाकण लावत निकाल दिला. "खांदा संपलाय त्याचा. काढा त्याला."

मी म्हटलं, "एका मॅचवरून असं म्हणता येत नाही. नमुना फार लहान आहे."

"प्रोफेसर, टेबलावर पेशंट निळा पडला की मी नमुना मोठा व्हायची वाट बघत नव्हते."

मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

पुढच्या रविवारी गॅरेथने एकही रन दिली नाही. मंदाताई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? खांद्याला नुसती विश्रांती हवी होती."

रूबेनभाऊ म्हणाले, "मंदाबाई, आपण म्हणाला होतात, खांदा संपला."

"मग? संपलेल्यालाच विश्रांती देतात ना?"

*

आता माझ्या पापाची गोष्ट. क्रिकेटमध्ये फील्डरच्या हातून चेंडू सुटला तरी बॅट्समनच्या रन्स त्याच्याच. बेसबॉलमध्ये तसं नाही. चेंडू मारून खेळाडू पहिल्या बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या थांब्यावर, सुखरूप पोचला, तर स्कोअररने ठरवायचं: ही त्याने कमावलेली हिट, की फील्डरची चूक, म्हणजे एरर? एरर लिहिली तर मारणाऱ्याच्या नावावर शून्य. अंपायर बोलत नाही, कॅमेरा नाही. कडेला बसलेला एक म्हातारा जे लिहील ते.

पहिल्या मॅचमध्ये सलीलने चेंडू जोरात मारला. तिसऱ्या बेसवरचा फील्डर वाकला, चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागून बाहेर घरंगळला. सलील पहिल्या बेसवर पोचला आणि दोन्ही हात वर करून हसला. जानेवारीनंतर त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

माझी पेन्सिल थांबली. अवघड चेंडू होता का? होता. पकडता आला असता का? आला असता. दुसरा कुणी असता तर मी हिट लिहिली असती का? बहुतेक. मग लोक म्हणाले असते, सासऱ्याने दिली. मी एरर लिहिली.

रूबेनभाऊ वहीत डोकावले. "हे 'चू' म्हणजे काय?"

"चूक."

"कुणाची?"

"फील्डरची."

"मला वाटलं तुमची," ते म्हणाले. "अहो, आमच्यातसुद्धा जावयाला असं वागवत नाहीत."

मंदाताईंनी चष्मा लावून खात्री केली. "धोंड्याचा महिना तोंडावर आला. लोक जावयाला चांदीचं ताट देतात. ह्यांनी एरर दिली."

त्या दिवशी घरी जाताना गाडीत सलील म्हणाला, "बाबा, ती हिट होती ना?"

मी म्हटलं, "सलीलराव, सीट बेल्ट लावा."

*

दुसरी मॅच. सलीलने चेंडू मारला आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटला. बेसबॉलमध्ये मारल्याबरोबर बॅट टाकून द्यायची असते. हा नागपूरच्या गल्लीत वीस वर्षं टेनिस बॉलने खेळलेला. बेस दोन पावलांवर आल्यावर त्याने झोकून देऊन बॅट पुढे टेकवली, क्रीझमध्ये टेकवतात तशी. अगदी सुंदर टेकवली. पाय मात्र मागे राहिला, आणि इथे पाय लागतो.

तेवढ्यात चेंडू आला. आउट.

मंदाताई खुर्चीतून उठून ओरडल्या, "बॅट आत होती!" रूबेनभाऊंनीही हात वर केला. समोरच्या टीमचे लोक आमच्याकडे बघत राहिले.

बॅरी सलीलपर्यंत चालत गेला, बॅटकडे बघितलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "ही कुठे घेऊन चालला होतास, सॅल?"

मी वहीत आउट लिहिलं. त्यात शंका नव्हती. शंका नसली की मला किती बरं वाटतं, हे कुणाला सांगून पटणार नाही.

तिसऱ्या मॅचमध्ये तो तीनदा आला आणि तीनदा हवेत बॅट फिरवून परत गेला. चौथी पावसाने अर्ध्यात थांबली. चार मॅचेस, हिट्स शून्य. गाडीतलं बोलणंही शून्यावर आलं. फक्त दर रविवारी तो आमच्या आधी तासभर निघायचा. घरात बसून काय करू, म्हणायचा.

*

पहिल्या मॅचचा एक व्हिडिओ बॅरीच्या बायकोने फोनवर घेतला होता. तो मी मागवला आणि चाळीस वेळा बघितला. विसाव्या वेळी हिट वाटली, तिसाव्या वेळी एरर, चाळिसाव्या वेळी फील्डरच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. नाडी सुटलेली असणं ही चूक धरायची का, ह्याबद्दल नियमावलीत काही नाही.

दरम्यान वहीतला त्या नोंदीचा चौकोन मी कितीदा खोडला, मोजलं नाही. 'चू' खोडून 'हि', 'हि' खोडून 'चू'. सोमवारी हिट असायची, शनिवारी एरर.

शेवटी मी बॅरीला ईमेल लिहिली. तीन परिच्छेद आणि एक तळटीप. आशय असा, की पहिल्या मॅचमधल्या एका नोंदीबद्दल लेखकाचं मन साशंक आहे, नोंदीत नातेसंबंधाचा उलट्या दिशेने परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, तरी निवड करताना कृपया हे लक्षात घ्यावं.

उत्तरात नुसता एक अंगठा आला.

मी तो अंगठा दोघांना दाखवला.

"अंगठा म्हणजे मान्य," रूबेनभाऊ म्हणाले.

"अंगठा म्हणजे वाचलं नाही," मंदाताई म्हणाल्या.

"किंवा," मी म्हटलं, "वाचलं, पण मान्य नाही, आणि वाईट वाटू नये म्हणून."

मंदाताईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "तुम्हाला अंगठ्यालासुद्धा तळटीप लागते."

*

पाचव्या रविवारी धोंड्याचा महिना चालू होता. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. आमच्या घरी हे करणारी आता नाही. म्हणून मंदाताईंनी अंगावर घेतलं. तीन दिवस तांदूळ भिजवले, पीठ मुरवलं, आणि डबा घेऊन थेट मैदानावर आल्या.

"एकोणतीस आहेत," त्या कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाल्या. "चार तुपात हसले, तुकडे झाले."

रूबेनभाऊंनी डब्यात बघितलं. "तेहतिसात एकोणतीस. असं ॲव्हरेज आपल्या टीममध्ये कुणाचंही नाही."

त्या दिवशी सलीलने दुसऱ्या फेरीत मारलेला चेंडू फील्डरच्या डोक्यावरून गेला आणि कुंपणापाशी गवतात पडला. कुणाचा हात लागला नाही, ग्लोव्ह लागला नाही. मला काहीच ठरवायचं नव्हतं. मी 'हि' लिहिलं आणि त्या अक्षराकडे बघत बसलो. बॅट सलीलने टाकली होती, हेही मंदाताईंनी दाखवलं तेव्हा लक्षात आलं.

पण पाच मॅचेसमध्ये एक हिट. ह्यात नाव येत नाही, हे समजायला पीएचडी लागत नाही.

मॅच संपल्यावर बॅरीने खिशातून कागद काढला आणि सगळ्यांना गोळा केलं. आम्ही तिघं खुर्च्यांतच बसून राहिलो. केतकीही आली होती. ती माझ्या मागे उभी, हात माझ्या खांद्यावर. गॅरेथचं नाव पहिलं. आठवं झालं. नववं झालं. दहाव्याला केतकीची नखं माझ्या स्वेटरमधून लागली.

"अकरा. सॅल."

मंदाताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते." ह्या वेळी रूबेनभाऊंनी नुसता त्यांच्यापुढे अनारशांचा डबा धरला.

कुणीही शहाणा माणूस इथे अनारसा खाऊन घरी गेला असता. मी वही काखेत मारून बॅरीकडे गेलो. "हे माझ्या ईमेलमुळे तर नाही ना? तसं असेल तर मला ती मागे घ्यावी लागेल."

बॅरी लाल झाला. त्याने आधी बुटांकडे बघितलं, मग कुंपणाकडे.

"प्रोफ," तो म्हणाला, "ती ईमेल मला नीट समजली नाही. आणि वहीचं म्हणशील, तर…" त्याने माझ्या काखेतली वही घेऊन उघडली. "अक्षर फार सुंदर आहे तुझं. पण मला ह्यातलं काही वाचता येत नाही."

मी वाकून बघितलं. पाच मॅचेस. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, सगळे आकडे, सगळी अक्षरं, मराठीत. पेन्सिल हातात आली की मी लहानपणापासून असाच लिहितो. पाच रविवार ही वही आम्ही तिघांनी बघितली होती, आणि तिघांनाही वाचताना काही अडचण आली नव्हती.

"पण तू दर आठवड्याला मान डोलवायचास," मी म्हटलं.

"तू इतक्या काळजीने लिहीत होतास. सांगणं बरं दिसलं नसतं."

"मग टीम कशावरून निवडलीस?"

"लीगला मी समोरच्या टीमची वही पाठवतो. आणि निवड करताना बघतो, नऊच्या आधी येऊन मैदानाची माती सारखी करायला हातात दाताळं कोण घेतं. सॅल साडेआठला आलेला असतो. रोलरसुद्धा ओढतो." मग, बहुधा काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून, त्याने पहिल्या मॅचच्या पानावर बोट ठेवलं. "हे मात्र मला विचारायचंच होतं. इथे काय आहे?"

तिथे भोक होतं. खोडून खोडून कागद आरपार गेला होता.

रूबेनभाऊ आणि मंदाताई येऊन उभे राहिले. सलील हातात अनारसा घेऊन आला. भोक कुणाच्या चौकोनाला पडलं आहे, ते त्याने एका नजरेत ओळखलं. मी तोंड उघडलं, पण नेमकं काय सांगायचं ते मला तेव्हाही ठरवता येईना.

त्याने बॅरीच्या हातातून वही घेतली, तोंडाजवळ उचलली आणि एक डोळा मिटून भोकाला दुसरा लावला.

"बाबा," तो म्हणाला, "इथून पुढची मॅच दिसते."