रविवारची फ्लॉपी

मिलिंद गेला, हे मला त्याच्या कंपनीच्या श्रद्धांजलीच्या पत्रकातून कळलं. भाच्यानं फोनवर दाखवलं. ‘पुण्यात संगणक दुरुस्तीपासून सुरुवात करून माहिती-सुरक्षेच्या क्षेत्रात सर्वोच्च पदापर्यंत...’ असं काहीतरी होतं. बारामतीचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे जाता जाताही त्यानं मला झाकलं. कारण त्याची सुरुवात पुण्यात नाही, बारामतीत झाली, माझ्या मामांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. तिथून तो का गेला, हे आता मला एकट्यालाच ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कापडदुकानाच्या माडीवर मामांचा क्लास होता. तीन मशिनं, एक एसी आणि दारात पाण्याची बादली. चप्पल बाहेर काढायची, पाय धुवायचे, मगच आत. व्हायरस हा शब्द मामांनी कुठंतरी ऐकला होता आणि तो धुळीतून येतो अशी त्यांची पक्की समजूत होती. मिलिंद कळंबहून एसटीनं यायचा. बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला पदवीधर. मी त्याला शिकवायला बसलो आणि वर्षभरात तोच मला शिकवायला लागला, तेव्हा मामांनी त्यालाही मास्तर केलं. त्याच्या डब्याच्या वरच्या पुडात फडक्यात गुंडाळलेल्या फ्लॉप्या आणि खालच्या पुडात भाकरी असायची. पाय धुताना रोज हसायचा. “नंदू, व्हायरस पायानं येत न्हाय रं, हातानं येतो.”

त्या वर्षी आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची यादी मामांनी क्लासमध्ये करायला घेतली. मुलामुलींची नावं, शिक्षण, मामेकूळ, सगळं मिलिंदनं आणि मी महिनाभर बसून भरलं. मेळाव्याच्या आठवडाभर आधी, एका रविवारी क्लास बंद असताना मी किल्ली घेऊन वर गेलो. बावड्याच्या एका मित्रानं गेमची फ्लॉपी दिली होती. दुपारभर गाड्या पळवल्या. मंगळवारी यादी उघडेना. राखून ठेवलेली दुसरी प्रत काढली, ती त्याच मशिनला लावली आणि तीही गेली. संध्याकाळी समितीची माणसं माडीवर जमली. फ्लॉप्या रोज बाहेरून कोण आणतं, एवढंच त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा डब्याकडे गेल्या. त्यातले एक तात्या म्हणाले, “आपल्या पोरींची नावं त्येच्या हातात दिलीच कशाला?”

आता ते व्हायरसबद्दल बोलत नव्हते, हे मला कळत होतं. मिलिंदलाही कळत होतं. त्यानं तात्यांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिलो. सरळ सांगायचं तर बरं वाटलं होतं... बालंट माझ्यावर आलं नाही म्हणून बरं वाटलं होतं. मामा वाईट माणूस नव्हते, पण समितीपुढं त्यांचं चालेना. “उद्यापासनं येऊ नको,” म्हणाले, खाली मान घालून. मिलिंदनं डबा उचलला आणि बिघडलेली प्रत तेवढी मागून घेतली. मोडक्या वस्तूला कोण नाही म्हणतंय!

मेळावा हातानं लिहिलेल्या कागदांवर पार पडला. त्यानंतर काही दिवसांनी मिलिंद जिन्यावर उभा दिसला. पुण्याला एका ओळखीच्याकडं बसून त्यानं त्या व्हायरसची चिरफाड केली होती आणि तो काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. “आत ये की,” मी म्हणालो. पायात चप्पल तशीच ठेवून त्यानं उंबऱ्याबाहेरूनच फ्लॉपी पुढं केली. वर चिठ्ठी चिकटवलेली, ‘नंदू, आधी हे चालव’. तो उतरून गेल्यावर मी ती चालवली. मशीन साफ झालं, अर्धीअधिक यादी परत आली. शेवटी पडद्यावर एक ओळ उमटली. बिघाड पहिल्यांदा कुठल्या फाइलमधून शिरला, तारीख आणि वेळ. गेमचं नाव. रविवार, दुपार. रविवारी मिलिंद कळंबला असायचा आणि किल्ली माझ्याकडं असायची. ती ओळ त्यानं मामांना दाखवली असती तर? त्यानं मला दाखवली. मी मशीन बंद केलं.

पुढं तो चढतच गेला. आधी पुण्यात दुरुस्तीचं दुकान, मग बँकांची मशिनं राखणाऱ्या कंपनीत, मग परदेशी कंपनीच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख. माझ्या मुलीच्या लग्नाला सहकुटुंब आला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. बोलता बोलता मध्येच थांबायचा, काहीतरी ऐकायचं असल्यासारखा. मग मी हटकून पावसापाण्याचं काढायचो. इतक्या वर्षांत एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. लाज वाटते, असं म्हणून भागत नाही. लाज तर तेव्हाही वाटत होती, पण तिनं काय केलं?

गेल्या महिन्यात कळंबला त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो. त्याच्या आईंनी जवळ बसवून घेतलं. “तुमीच व्हय ते क्लासवाले? येक इचारू? तितनं आमच्या पोराला का काढलं हुतं? त्यानं कदी सांगितलं न्हाय. मला वाटायचं, माझ्या लेकराचं कायतरी चुकलं असंल.”

एवढी वर्षं ती माउली हे मनात धरून बसली होती! आणि मी, ह्या वयात, काय म्हणालो? “मशीन बिघडलं होतं, आई. मामा जरा तापट होते.” त्यांनी मान हलवली आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो.

फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, चिठ्ठीवरची शाई फिकी पडली आहे. परवा भाच्याला दिली, तर म्हणाला, “मामा, ही वाचणारं मशीन आता कुठून आणायचं?” आईंनाही वाचता येत नाही. म्हणून मी लिहिलेलं हे सगळं छापलेली पुरवणी निघाली की ती आणि फ्लॉपी घेऊन मी कळंबला जाणार आहे. दारात चप्पल काढीन, त्यांच्यासमोर बसेन आणि ती रविवारची ओळ माझ्या तोंडानं त्यांना वाचून दाखवीन.