नागनाथसरांचे बोल्ट

खडकाला भिडण्याआधी नागनाथसर चप्पल काढून बाजूला ठेवायचे आणि कड्यावरून तळवा फिरवायचे, नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मूळचे माढ्याकडचे. सोलापुरातल्या एका शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले आणि तिथल्याच मैदानामागं त्यांनी प्लायवूडची चढाईची भिंत उभी केली. बँकेत बसून बसून पाठ धरली म्हणून पस्तिशीत मी तिथं गेले. खालून ओरडून सांगायचे, "वर बगू नको. पाय कुटं ठिवायचा तेवडं बग की!"

सरांचा सगळा अभिमान एका बेटावर होता. तरुणपणी बदामीच्या कड्यांवर भेटलेल्या परदेशी दोस्तांबरोबर ते थायलंडच्या बाजूला गेले होते. तिथं समुद्रातून उभा राहिलेला चुनखडीचा कडा. त्याला भोकं पाडून सरांनी पोलादी बोल्ट ठोकले. मागून येणाऱ्यानं त्यांत दोर अडकवत वर जायचं; हात सुटला, तर बोल्टनं धरायचं. वाट पाडणाऱ्यानं तिचं नाव ठेवायचं, असा रिवाज. सरांनी ठेवलं ‘सोलापूर’. "आपलं गाव लई लांब टांगून आलोय," असं ते नवीन माणसाला पहिल्याच भेटीत सांगत.

ती वाट चढायला जायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं: सर, मी आणि भिंतीवरचा माझा जोडीदार इम्रान. समुद्र शांत असतो ते थंडीचे दिवस निवडले. बेटावर दुकान नाही, म्हणून सरांनी शेंगाच्या चटणीची जबाबदारी स्वतःकडं घेतली. इम्राननं नवी पेठेतून उन्हाच्या टोप्या आणल्या आणि कडा कसा आहे, हे तिथल्या चढाईवाल्यांना विचारलं.

उत्तर आलं तेव्हा आम्ही भिंतीपाशी चहा पीत होतो. इम्रान मोबाइलवरून मोठ्यानं वाचायला लागला आणि मध्येच अडखळला.

"वाच की," सर म्हणाले.

"सर, ते म्हणतात, ‘सोलापूर’ चढू नका. मागच्या वर्षी तिथला बोल्ट तुटला. त्यांची एक मुलगी पडली. कंबरेचं हाड मोडलं तिचं."

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि मी मान फिरवली.

"खाऱ्या हवेत पोलाद आतून चिरतं म्हणे," इम्रान घाईघाईनं म्हणाला. "त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं, सर. सगळेच पोलाद वापरायचे."

"मला म्हाईत हुतं," सर म्हणाले.

इम्राननं मोबाइल खाली ठेवला.

"तिकडच्या एका दोस्तानं कळवलं हुतं मागं. बोल्ट बदलाय पायजेत म्हणला. मी म्हणलो, दुसऱ्याचं गंजल, माझ्या हातचं न्हाय गंजत." ते उठले आणि चप्पल न घालताच स्कूटरकडं गेले.

मग बरेच दिवस ते भिंतीकडं फिरकले नाहीत. इम्रान म्हणाला, बेत रद्द करू, त्यांना कशाला तोंड दाखवायला लावायचं? पण एका सकाळी सर आले. दाढी वाढलेली. "जायाचं. चढाय न्हाय, काडाय," म्हणाले. "माजं मी काडणार."

बेटावर ती मुलगी काठी टेकत किनाऱ्यावर आली होती. विशीतली असेल. सरांनी वाटेत घोकलेलं इंग्रजी त्यांना आठवेना. हात जोडून "माय बोल्ट, माय मिस्टेक" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिनं मानही हलवली नाही. वाळूत बसली आणि कड्याकडं बघत राहिली. ती रागावली असती, तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

सर कड्याच्या माथ्यावर झाडाला अडकवलेल्या दोरावर लटकून एकेक बोल्ट काढत होते, खाली दोर मी सांभाळत होते. जोर लावावा लागेल, म्हणून त्यांनी पहार नेली होती. एक बोल्ट हातोडीच्या नुसत्या टिचकीनं तुटला. सरांनी हातोडी थांबवून तो तुकडा तळहातावर धरला. हाक मारायची मला हिंमत झाली नाही. संध्याकाळी ते उतरले, तेव्हा ती मुलगी निघून गेली होती.

आता भिंतीवर नवी पोरं आली की सर त्यांना आणि त्यांच्या आईबापांना समोर बसवून हे सगळं सांगतात. मुलीच्या मोडलेल्या हाडासकट, त्या दोस्ताच्या निरोपासकट. सांगताना आजही त्यांचा चेहरा पडतो. काही आईबाप पोरांना घेऊन तसेच परत जातात. मला ते बघवत नाही. एकदा न राहवून म्हटलं, "सर, पुरे की आता. किती दिवस सांगणार?"

ते पोराच्या कमरेला पट्टा बांधत होते. गाठ दोनदा ओढून बघितली.

"लाज वाटतीय तवर," म्हणाले. "ज्या दिवशी सांगताना लाज वाटायची न्हाय, त्या दिवशी भिंतीला कुलूप लाव."