दर दोन मजल्यांवर गप्पा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची एक गंमतच असते. लिफ्ट बंद पडली की त्याला बोलावतात आणि तिचं यंत्र असतं गच्चीवर. म्हणजे लोकांचे पाय वाचवायला या गड्यानं आठ मजले चढायचे! आपला मेकॅनिक बत्तीस वर्षं असाच चढला. माणूस हाताचा पक्का, पण तोंडाचा मुका. घरी मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा.

गेल्या वर्षापासून मात्र स्वारी भलतीच बोलकी झाली. दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या गुडघ्याची चौकशी, चौथ्यावर मास्तरांशी हवापाण्याच्या गप्पा. सहाव्यावर तर हत्यारांची पेटी खाली ठेवून बाळाला आलेले दात बघत बसायचा.

एकदा बाजारात शिंपीणबाईंनी त्याच्या बायकोला गाठलं. "किती लाघवी नवरा हो तुमचा! दारात थांबून विचारपूस करतो. चौथ्यावर, सहाव्यावरही तसंच!"

"आमचा?" बायकोच्या हातातली पिशवी निसटायचीच बाकी राहिली.

घरी येताच तिनं कमरेवर हात ठेवले. "दम लागतो ना तुम्हाला?"

"छे! जरा माणुसकी म्हणून..."

"बरी दर दोन मजल्यांनी उफाळते माणुसकी! चला दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि लगेच इको काढला. "हृदयाची झडप कडक झालीय. पुरती उघडत नाही. बदलायला हवी, नाहीतर एक दिवस जिन्यातच कोसळाल."

"पण मग गच्ची गाठता येईल ना मला?" त्याचा सगळा जीव तिथंच अडकलेला.

"झडप बदललीत तर येईल. न बदलता, नाही."

तो इकोच्या पडद्याकडे टक लावून बघत राहिला. "दार अर्धवट उघडतंय आणि मोटार जीव तोडून ओढतेय. अशी लिफ्ट मी एक दिवस चालू दिली नसती," असं पुटपुटला आणि कागदावर सही ठोकली.

नवी झडप बसली. चार महिन्यांनी, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर, तो पेटी घेऊन निघाला तो थेट गच्चीवर. तिथं दम लागायची वाट बघत उभा राहिला. लागलाच नाही! खुशीत लिफ्ट सुरू करून खाली येतो, तर दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाई गाल फुगवून उभ्या.

"रागावलात होय? सरळ दारावरून तरातरा निघून गेलात! मास्तरही विचारत होते."

त्यानं पेटी खाली ठेवली. "गुडघा कसा आहे?"

मग पुन्हा वर जाऊन चौथा मजला झाला, सहावा झाला. घरी पोचायला चांगलाच उशीर झाला.

"दम लागला की काय?" बायको घाबरली.

"नाही गं, गप्पा मारत बसलो." पानावर बसून त्यानं घास घेतला आणि चक्क तोंड उघडलं, "जरा मीठ दे."

"घ्या! इतक्या वर्षांनी वाचा फुटली, तीही डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितल्यावर!"