जास्त झालेलं पाणी

पाण्याची बाटली उचलायची, झाकण खिशात टाकायचं आणि मैदानात निघालेल्या मुलीच्या पाठीमागे भसकन पाणी ओतायचं. असा फुटबॉलचा ट्रेनर तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिला, इथे जर्मनीत, नेकारसुल्मला, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्याशी भांडायला गेलो. कारण ती मुलगी माझी होती. सई, मुलींच्या संघाची गोलकीपर.

"पोलाको, पोलाको," ते म्हणाले. म्हणजे सावकाश. "आमच्या सर्बियात कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की मागे पाणी ओततात. तुमच्याकडे काय करतात?"

"हातावर दही देतात."

"हातावर? वाट्या नसतात?"

भांडण तिथेच बारगळलं.

हा माणूस मला शेवटपर्यंत नीट कळला नाही. 'पोलाको' हा शब्द ते लालबुंद होऊन, कडेकडेने लंगडत पळत ओरडायचे. मुलींनी सावकाश जायचं की यांच्यासारखं, मला उमगायचं नाही. मुलींना मात्र बरोबर कळायचं. तरुणपणी मोठ्या क्लबांतून खेळले, गुडघा गेला, मग ट्रेनर झाले, एवढं ठाऊक होतं. पण तो गुडघा कधी बेलग्रेडच्या चिखलात जायचा, कधी जर्मनीच्या बर्फात. मी गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणारा इंजिनिअर, मला असलं चालत नाही. एकदा विचारलंच, "आल्झो, म्हणजे नक्की कुठला गुडघा?"

"आज दुखतोय तो."

सरळ बोलले ते एकदाच. संघ खालच्या गटात घसरला तर क्लब त्यांना ठेवणार नव्हता. "खेळाडू म्हणून प्रत्येक क्लब अर्ध्यावर सुटला. इथे तरी टिकायचंय मला," म्हणाले. मी हवेबद्दल बोललो.

शेवटच्या सामन्यात बरोबरीसुद्धा पुरली असती. बायकोने सईच्या हातावर दही ठेवलं, ट्रेनरनी मागे अख्खी बाटली रिकामी केली. तरीही अगदी शेवटी एक साधा चेंडू सईच्या हातांतून निसटून गोलात गेला.

ती तिथेच बसून रडायला लागली. ट्रेनर तिच्याकडे निघाले. त्या चेंडूबरोबर त्यांची नोकरी गेली होती. आता ते तिला फाडून खाणार, या भीतीने मीही मैदानात धावलो. ते कण्हत तिच्या शेजारी बसले.

"चेंडू ओला होता," म्हणाले. "मी पाणी जास्त ओतलं."

कडक ऊन होतं. चेंडू कोरडा होता, मी स्वतः उचलून पाहिला.

दुसऱ्या गावच्या क्लबात मुलाखतीला निघाले, त्या सकाळी निरोप घ्यायला आले. बायकोने त्यांच्या हातावर दही ठेवलं. ते तळहाताकडे बघतच राहिले.

"आता काय करायचं?"

"खायचं आणि निघायचं," बायको म्हणाली.

त्यांनी ते लहान मुलासारखं चाटून खाल्लं. मला फार वाईट वाटलं. या वेळी हवेबद्दलही बोलता आलं नाही.

गाडी सुरू झाली तशी सई बाटली घेऊन धावली. तिने मागे पाणी ओतलं, अगदी चूळभर.

"अगं, ओत की सगळं!" मी म्हणालो.

"नाइन, पापा, जास्त नको," ती म्हणाली, आणि भरलेल्या बाटलीला घट्ट झाकण लावलं.