कुरणातलं फाटक

माझ्या मुलाच्या घरामागून कुरणातली वाट जाते. इंग्लंडातलं हे खेडं. माणसं थोडी, मेंढ्या फार. वाटेत एक लाकडी फाटक होतं. ज्यानं उघडलं त्यानंच लावायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात, अशी इथली रीत.

जाड टायरांच्या सायकलींवरून माणसं टेकडीवरून चिखल उडवत येतात. फाटकापाशी त्यांना उतरावंच लागायचं. मी रोज तिथं उभा राहून त्यांच्यासाठी फाटक धरायचो. मुलगा म्हणायचा, "अप्पा, थंडीत कशाला उभे राहता? त्यांचं ते उघडतील की."

"पाय माझे, थंडी माझी. तुझं काय जातं?"

त्या सायकलवाल्यांत एक पिकल्या केसांची बाई यायची. थांबून काहीबाही बोलायची. मला तिची भाषा येत नाही. मी आपला मराठीत सांगायचो, "हळू जा गं बाई, पुढं निसरडं आहे." ती हसून मान हलवायची. आपल्यापाशी कुणीतरी घडीभर थांबावं, एवढ्यासाठीच म्हातारा माणूस सकाळी उठत असावा.

परवा तिथं लोखंडी फाटक बसवलं. त्याचा उंच दांडा सायकलीवर बसूनच ओढता येतो, आणि स्प्रिंगनं ते आपोआप लागतं. आज ती बाई आली. मी हात पुढं करेपर्यंत पार झाली. तिनं एक हात वर केला. मला, की तोल सावरायला, कळलं नाही.

"पुढं निसरडं आहे," मी म्हणालो. तोवर फाटक लागलं होतं.