सहा मीटरवरची कुजबुज

मला कुजबुजता येत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर अकोल्याच्या जुन्या शहरात माझा दवाखाना चांगला पंचवीस वर्षं चालला होता, आणि पेशंटची खाजगी गोष्ट आपण अगदी हळू आवाजात बोलतो, असा माझा प्रामाणिक समज होता. मी आत कुणाला त्याची साखर किती वाढली ते सांगत असे, आणि तो बाहेर पडायच्या आत बाकावरची माणसं त्याला भात सोडायचा सल्ला देत. मी त्याचा दोष गल्लीच्या चौकसपणाला द्यायचे. दोष माझ्या गळ्याचा होता.

आता मी दर महिन्याला दोन दिवस अमरावतीला जाते आणि डॉक्टरांना शिकवते. वैमानिक व्हायला निघालेल्या मुलामुलींची तब्येत कशी तपासायची, कुणाला योग्य म्हणायचं आणि कुणाला थांबवायचं, हा विषय. येणारे डॉक्टर हुशार असतात, पण सगळे माझ्यासारखेच दवाखान्यात मुरलेले. त्यांना पहिल्या तासाला मी एकच सांगते, की तुमच्याकडे रोज येणारा माणूस दुखणं सांगायला येतो आणि इथे येणारा ते लपवायला येतो. सगळे हसतात आणि वहीत लिहून घेतात. मग मी खडूने फरशीवर सहा मीटरची रेघ आखते, आणि हे सगळं मला ज्यांनी शिकवलं त्यांची आठवण येते.

ते हवाई दलातून निवृत्त झालेले डॉक्टर. आम्ही त्यांना सर म्हणायचो. अमरावतीला विमान चालवायला शिकणाऱ्यांची ये-जा वाढली, तपासणीसाठी त्यांना लांब जावं लागायचं, म्हणून इकडच्या डॉक्टरांना तयार करायचं ठरलं. मी अर्ज केला तो काही फार उदात्त हेतूने नाही. शाळेच्या सहलीसाठी आणि नोकरीच्या रजेसाठी दाखले लिहून लिहून मला कंटाळा आला होता. चिखलदऱ्याला जायच्या आधी पोरगं ठणठणीत आहे असं लिहून द्या म्हणून बाप समोर उभा असतो, पोरगं सायकलवर बाहेरच असतं, आणि मी खिडकीतून त्याला बघून सही करते. आमच्याकडे दाखला असाच मिळतो. नाही म्हणणारा डॉक्टर माजला असं म्हणतात.

सरांचा आवाज इतका हलका, की पहिल्या दिवशी मागच्या रांगेतल्यांनी माईक बिघडल्याची तक्रार केली. ते स्वतःचा टेप घेऊन यायचे, सहा मीटर मोजायचे आणि खडूने रेघ ओढायचे. उमेदवाराने पाठ करून उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत. एका कानावर मदतनिसाने बोट दाबून धरायचं. आपण रेघेमागून कुजबुजायचं आणि त्याने ऐकलेलं पुन्हा म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. गंमत पुढे आहे. छातीत हवा भरून कुजबुजायचं नाही. श्वास नेहमीसारखा बाहेर सोडायचा आणि मग जी थोडी हवा उरते, तिच्यातच बोलायचं. सर म्हणायचे, तरच प्रत्येक डॉक्टरची कुजबुज साधारण सारखी होते.

आम्ही एकेक करून उभे राहिलो. नागपूरचे एक डॉक्टर होते, त्यांचं जमलं. अकोला, वाशीम, यवतमाळकडचे आम्ही सगळे एका माळेचे मणी. माझी पाळी आली तेव्हा मी "अठ्ठावन्न" म्हटलं आणि बाहेर चहा गाळणाऱ्या माणसाने आत डोकावून पाहिलं. सर म्हणाले, "मॅडम, ही कुजबुज नाही, ही घोषणा आहे." सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वऱ्हाडात माणसं पोटातलं ओठावर आणतात आणि तेही मोकळ्या आवाजात आणतात, त्याचं काय चुकलं, असं मी त्यांना ऐकवलंही. ते म्हणाले, काहीच चुकलं नाही, फक्त त्याने कान तपासता येत नाहीत.

त्याच आठवड्यात खऱ्या उमेदवारांची तपासणी होती. सही सरांची, हात आमचे. मला कानाचं टेबल मिळालं. मुलं दूरदूरची, बहुतेक हिंदी-इंग्रजी बोलणारी. त्यात एक मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, चप्पल काढू का इथं?" त्या एका वाक्याने मला ती आपली वाटली. तिचे वडील अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात मागावर काम करत होते. त्यांच्या घराण्यात कॉलेजला गेलेली ती पहिली. प्रवेश झाला होता, कपडे शिवून झाले होते, फक्त हा कागद बाकी होता. हे तिने मला रेघेवर उभं राहायच्या आधीच सांगून टाकलं.

उजवा कान झाला. मग डावा. मी म्हटलं, "तेवीस." ती बोलली नाही. मी पुन्हा म्हटलं, "तेवीस." ती म्हणाली, "तेवीस." पुढचे शब्द तिने पटापट सांगितले आणि मी दोन्ही कान चांगले म्हणून लिहिलं.

सर माझ्यामागे कधी येऊन उभे राहिले कोण जाणे. ते म्हणाले, "बाळ, पुन्हा एकदा उभी राहा." त्यांनी श्वास सोडला आणि काहीतरी म्हटलं. मुलगी तशीच उभी. त्यांनी दुसरा शब्द म्हटला, तिसरा म्हटला. तिच्या वेणीचं टोकही हललं नाही. चौथ्या वेळी ती मागे वळून म्हणाली, "सर, तुमी बोलून राहिले का?"

पुढच्या टेबलावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरने दुर्बिणीने पाहिलं. डाव्या कानाच्या पडद्याला भोक होतं. लहानपणी कान वाहायचा, आई लसणाचं तेल कोमट करून टाकायची, मग वाहायचा थांबला आणि सगळे विसरले. सरांनी फॉर्मवर 'तात्पुरती अयोग्य' असं लिहिलं.

मी भडकले. जेवायच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, की कान तपासायच्या मशीनवर तपासणी व्हायचीच होती, तिथे सापडलं असतं, तुम्ही सगळ्यांसमोर तिला असं का उभं केलंत? आमच्या भागातून एक पोरगी वर जाते आहे आणि तुम्ही तिचा पाय ओढता. ते पोळीचा घास चावत राहिले. मग म्हणाले, "मशीन नेमकं त्याच दिवशी बंद पडलं तर? आणि तुम्ही दोन्ही कान चांगले लिहिलेलं बघून पुढच्याने दुर्बिणीत घाईने पाहिलं तर?" मी म्हटलं, माझा आवाजच मोठा आहे, त्याला मी काय करू. ते म्हणाले, "शिका."

संध्याकाळी तिचे वडील फाटकाशी आले. कामाच्या कपड्यांवरच आले होते, बाहीला सुताचे तंतू चिकटलेले. त्यांनी मला विचारलं, "आमच्या पोरीले काहून थांबवलं?" मी सांगितलं. त्यांनी कान पुढे केला. मी मोठ्याने सांगितलं. आवारातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ते म्हणाले, "बहिरी कायची बाप्पा? मी रोज हाका मारतो, थे ओ देते."

"तुमी किती जोरात हाक मारता?" मी विचारलं.

मागांच्या खडखडाटात वीस वर्षं उभं राहून त्यांचे स्वतःचे कान गेले होते. त्या घरात सगळेच ओरडून बोलत, टीव्ही मोठा, हाक मोठी, भांडण मोठं, त्यामुळे पोरीला एका कानाने कमी येतं हे ना तिला कळलं ना कुणाला. हे त्यांच्या लक्षात येताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "म्हंजे माह्यामुळं समजलं नाई." मी म्हटलं, तसं नाही, भोक तुमच्यामुळे पडलं नाही. त्यांना ते ऐकू आलं की नाही, माहीत नाही. मुलगी बाजूला उभी होती आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पडद्याचं ऑपरेशन होतं, बहुतेक वेळा पडदा धरतोही, म्हणजे भोक बुजतं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासून योग्य ठरवता येतं. हे सगळं सरांनी तिला नीट समजावून सांगितलं, कागदावर कान काढून सांगितलं. पण पडदा धरला नाही तर? त्यांनी तेही सांगितलं. मला त्या वेळी ते कठोर वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी तिच्याशी सरळ बोलणारा तिथे तो एकच माणूस होता.

ऑपरेशन नागपूरला झालं. आणि इकडे मी अकोल्यात कुजबुज शिकू लागले. दवाखान्यात मला मदत करणाऱ्या मावशी आहेत, त्यांना मी दुपारी पेशंट नसताना दाराकडे तोंड करून उभं करायचे. औषधाच्या कपाटापासून दारापर्यंत सहा मीटर मोकळे नव्हते, म्हणून मधलं बाकडं बाहेर काढलं. मी म्हणायचे, "चव्वेचाळीस." मावशी न वळता म्हणायच्या, "चव्वेचाळीस, आन् शेजारचा पानवालाबी चव्वेचाळीसच म्हणून राहिला." श्वास सोडून बोलायला गेलं की ठसका लागायचा. सोडला नाही की आवाज चढायचा. महिनाभराने एका दुपारी मी तीन शब्द म्हटले आणि मावशींनी तिन्ही बरोबर सांगितले, पण पानवाल्याने मान वर केली नाही. मी मावशींना पेढा दिला. "एवढं हळू बोलायचं होतं तं आधी सांगाचं," त्या म्हणाल्या, "मी तं तुमाले हळू बोलताच येत नाई समजत होती."

गंमत म्हणजे माझा दवाखाना बदलला. बाकावरच्या लोकांना आतलं ऐकू येईना. एका बाईने पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला घरातल्या मारहाणीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, आधी सांगायची हिंमत नव्हती, सगळ्या गल्लीला कळलं असतं. तिच्या आधी किती जणी न सांगता औषध घेऊन गेल्या असतील, हे मनात आलं की मला आजही लाज वाटते. आणि सरांचे उपकार वाटतात ते यासाठीही.

मुलगी फेरतपासणीला आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. मशीनचा अहवाल चांगला होता, पडदा धरला होता. तरीही सरांनी टेप काढला. त्यांनी सहा मीटर मोजले, रेघ ओढली आणि मला म्हणाले, "तुम्ही उभ्या राहा." मी म्हटलं, तुम्हीच करा. मशीनने सांगितलंच आहे. ते दारापाशी जाऊन उभे राहिले.

मी तिच्या पाठीकडे पाहिलं. वडील बाहेर होते, खिडकीच्या जाळीतून आत बघत होते. मी श्वास सोडला. उरलेल्या हवेत म्हटलं, "एकोणसत्तर." ती बोलली नाही. तेवढ्या क्षणात माझा पाय रेघेवर आला होता, ती ओलांडायचीच बाकी होती. पुन्हा म्हणावंसं वाटलं, आणि थोडं मोठ्याने म्हणावंसं वाटलं. मी पाय मागे घेतला आणि थांबले. तिने मान किंचित वाकडी केली आणि म्हणाली, "एकोणसत्तर." पुढचे पाच शब्दही तिने सांगितले, सावकाश, एकही न चुकता. एरवी सर आमच्या प्रत्येक उमेदवाराला स्वतः पुन्हा तपासत. त्या दिवशी त्यांनी फक्त सही केली.

ती चप्पल घालायला वाकली आणि वाकूनच म्हणाली, "मॅडम, पयल्या तपासणीत तुमी दुसऱ्यांदा आणखी जोरात बोलले, हे मले समजलं होतं. पयले तं काईच ऐकू आलं नोतं. मी सांगितलं नाई. सरायनं नसतं पकडलं तं मी तशीच गेली असती."

त्या दिवशी ती तशीच पास झाली असती, तर बाहेर वडिलांना तिने काय सांगितलं असतं ते मी मनात बघितलं. आणि मग विमानात हेडफोनमधून आलेली एखादी सूचना, डाव्या कानाने अर्धीच ऐकलेली, आणि खाली आमचीच कुठली तरी शेतं.

मी म्हटलं, "मलेबी समजलं होतं, बाई. मी मुद्दाम बोलली जोरात."

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. माझा आवाजच मोठा, हीच ढाल मी सगळ्यांपुढे धरली होती, आणि महिनोन्‌महिने स्वतःपुढेही. ती सरळ झाली. माझ्याकडे बघून ती हसली आणि बाहेर वडिलांकडे पळाली.

मी सरांकडे गेले. ते टेप गुंडाळत होते. मी त्यांना सांगितलं, की त्या दिवशीची चूक गळ्याची नव्हती, मी तिला जाणूनबुजून पास केलं होतं. त्यांनी टेप पिशवीत टाकला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी तेव्हा तुमच्या मागेच उभा होतो. म्हणून आज तुम्हालाच उभं केलं."